पागोट्याची गाठ

"चाबी काढून ठेवा रे गाडीची, भावसिंग आला!"

भगवानरावांनी हे मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या शेडमध्ये जमलेली पंचवीस-तीस माणसं खो खो हसली. बबिताच्या अंगाची लाही लाही झाली. बापाचा हात धरून ती तिथूनच माघारी वळणार होती, पण भावसिंगनं हात सोडवून घेतला. सकाळपासून तिनं त्याला दहादा विचारलं होतं, "बा, कायले जातं तिथं? हसं करून घ्याले?" म्हातारा उठला. धुतलेलं धोतर नेसला, लाल पागोटं बांधलं आणि म्हणाला, "चाल छोरी, स्कुटी काढ."

ती गाडी, एक जुनी फटफटी, शेडच्या मधोमध उभी होती. पुढचं चाक हातभर पुढं पळालेलं, हँडल बसणाऱ्याच्या कानाशी, सीट बाजेसारखी बुटकी. चाळीस वर्षांपूर्वी नेरकडच्या माळावर सिनेमाचं शूटिंग झालं, तेव्हा हिरोनं असल्याच गाडीवरून नाला ओलांडला, असं जगानं पडद्यावर पाहिलं. ओलांडला होता भावसिंगनं. मुंबईच्या स्टंटवाल्याचा हात मोडला, म्हणून तांड्यावरच्या या दूधवाल्याला हिरोचं जाकीट चढवून बसवलं होतं. फटफटी तो झकास हाणायचा.

शेवटच्या दिवशी गाडी नाहीशी झाली. सगळे जेवायला गेलेले, राखणीला एकटा भावसिंग. भगवानरावांच्या शेताच्या धुऱ्यावरच्या लिंबाखाली त्याचा डोळा लागला. हँडलला कुलूप होतं, चावी पागोट्याच्या टोकाला बांधली होती, कुणीतरी गाठ सोडली, असं तो मार खाता खाता सांगत राहिला. ऐकतो कोण? तांड्यावरचा माणूस, म्हणजे चोर असणारच! बबिता तेव्हा पाळण्यात होती. पुढं शाळेत ती 'गाडीचोराची पोर' झाली. दोन सोयरिकी त्या एका नावापायी मोडल्या.

आणि आता, गाडीचा सांगाडा नागपूरच्या भंगारात सापडला, असं भगवानराव सांगत होते. त्यांच्या मुलानं, रजतनं, दोन वर्षं जीव ओतून तो उभा केला. पुण्याच्या एका सिनेमा-संग्रहालयाच्या अर्पिता मॅडम ती पाहायला आल्या होत्या. गाडी खरी असेल तर दालनात मधोमध ठेवणार, आणि शेजारी पितळेच्या पाटीवर भगवानरावांचं नाव. पण गाडीला ना नंबर, ना कागद. ओळख पटवणारा माणूस एकच जिवंत होता, भावसिंग.

भगवानरावांना त्याला बोलवावं लागलं, ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. 'भगवानरावले ठगवणारा अजून जल्माले यायचा हाय,' हे त्यांचं पालुपद साऱ्या तालुक्याला पाठ होतं.

चहा आला. बापलेकीला सोडून सगळ्यांना मिळाला. खुर्चीही कुणी पुढं केली नाही.

"पाय गाडी, पण हात लावू नको," भगवानराव म्हणाले. "अन् लवकर सांग."

भावसिंग गाडीभोवती सावकाश फिरला, बाजारात बैल पारखावा तसा. मग उजव्या पायदानापाशी वाकला.

"ते वाकलेलं होतं काका," रजत आदरानं म्हणाला. "मीच सरळ केलं."

बबितानं ती गोष्ट लहानपणापासून ऐकली होती. नाल्यापलीकडं गाडी आदळली तेव्हा ते पायदान वाकलं होतं आणि बापाचा घोटाही. म्हणजे गाडी तीच. आता बा हो म्हणणार. त्याच्या नावाला चिकटलेली चोरी तशीच राहणार आणि पितळेवर नाव चढणार भगवानरावांचं! संतापानं तिचे डोळे भरून आले.

भावसिंग सरळ उभा राहिला.

"हे थे गाडी नोहे."

अर्पिता मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"नीट पाय!" भगवानराव गरजले.

"पायली. नकली हाय. भंगारवाल्यानं ठगवलं तुमाले, भगवानराव."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा हसला. मघाशी भावसिंगला हसणारीच माणसं होती ती.

"पण काका, पायदान..." रजत म्हणाला.

"कोणत्याई गाडीचं वाकते, बाबू. तुह्या बापाच्या गयात कोनं तरी डबडं बांधलं, अन् यायनं घेतलं!"

आता सगळी शेड हसली. अर्पिता मॅडम पर्स उचलून उठल्या. भगवानरावांचा चेहरा लालबुंद झाला. खुर्ची मागं लोटून ते उठले.

"मले? मले ठगवलं? अबे, तू लिंबाखाली घोरत होता! तुह्या पागोट्याची गाठ म्या सोडली, या हातानं! ढकलत माह्या ढोरायच्या कोठ्यात नेली, वरून कापसाच्या पऱ्हाट्या रचल्या. चाळीस वर्सं माह्या घरी होती हे गाडी, अन् तू मले नकली म्हनतं?"

रजतच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही तं नागपूरचं भंगार म्हणत होते ना?"

बबिता बापाकडं पाहत होती. भावसिंगनं पागोटं काढलं, डोकं पुसलं, पुन्हा बांधलं. मग कुणाला न विचारता भगवानरावांची रिकामी खुर्ची ओढली आणि ऐटीत बसला.

"आता लिवा, मॅडम," तो म्हणाला. "हेच हाय थे गाडी."