घोडीला आलेलं स्थळ

तरन्नुमची अरबी घोडी माजावर आली आणि त्याच सकाळी पिकअपवाल्याने इगतपुरीला यायला नकार दिला. घोडीच्या जुन्या अरबी रक्ताचा एकच घोडा तिकडे उरला होता, तोही म्हातारा. इकडे सायखेड्यात वरातीला घोडे देणारा धोंडीराम आपला उंच मारवाडी घोडा घेऊन तिच्या अंगणात जावयासारखा उभा. पिकअपवाला त्याचाच भाचा. तरन्नुम काय ते समजली. "आपा, हट्ट सोडा. याचं शिंगरू वरातीत नाचंल. अरबी रक्त काय चाटायचंय?" "नवरदेव तासभर बसतो, धोंडीभाऊ. मला लांबच्या शर्यतीत दिवसभर बसायचं असतं." तिने खोगीर आवळलं आणि रिकिबीत पाय घातला. धोंडीरामचं हसू मावळलं. "सत्तर किलोमीटर डांबरी हाय, आपा. घोडी दमंल." "दमली, तर तुमच्याच घोड्याला देईन." फाटकातून निघताना ती वळली. "भाच्याला शुक्रिया सांगा. नवरी चालत आलेली पाहिल्यावर सासरच्यांनाही कळेल, कोणत्या घराण्याची आहे."