सुट्टीतला शेवटचा रविवार

"अनिता, हात चालव जरा. पोरं खोळंबल्यात," सासूबाई म्हणाल्या.

(चालवतेच हाय. थांबलेत कवा?)

कंसातलं अनिता बोलली नाही. तिचं निम्मं बोलणं कंसातच असायचं.

आगटीतल्या विस्तवातनं ज्वारीचं कणीस काढायचं आणि गरम असतानाच तळहातावर चोळायचं. निवलं की दाणा नीट सुटत नाही. खाणाऱ्यानं खात राहायचं, चोळणाऱ्यानं चोळत. लग्न होऊन वरवंडला आल्यापासून या रानातल्या हुरड्याला हात अनिताचेच. हाताला चटका, डोळ्यांत धूर आणि तोंडात एक दाणा नाही.

समोर सतरंजीवर तिची नणंद सुलक्षणा बसली होती. मांडीवर ताटली. नाताळची सुट्टी लागली की सुलक्षणा मुलांना घेऊन हडपसरहून माहेरी यायची. ती परत जायची त्या दिवशी सुट्टीही संपायची. दरवर्षी. आणि नणंद घरात असताना सुनेनं माहेरी जायचं नसतं. हे कुणी सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं. भीमेपलीकडं वडगाव रासाईत अनिताची आई दर हिवाळ्यात वाट बघून गप्प बसायची.

यंदा मात्र संपतनं, तिच्या नवऱ्यानं, कबूल केलं होतं. सुट्टीतला शेवटचा रविवार अनिताचा. सकाळी सुलक्षणाला गाडीत बसवून द्यायचं आणि अनितानं निघायचं.

आज रविवार. सुलक्षणा हलायचं नाव घेत नव्हती.

"वहिनी, ह्यांच्या कंपनीतली माणसं निघालीत बरं का. आठ-दहा असतील," ती म्हणाली. "मीच म्हटलं, या. आमच्या वहिनींसारखा हुरडा कुणाला चोळता येत न्हाई."

(वन्सं, तुम्हाला हात दिलं न्हाईत का देवानं?)

"येऊ द्या की," अनिता म्हणाली.

संपतनं बोटावरची शेंगदाण्याची चटणी चाटली. "मग आजच्याला राहू दे. तू काय, संक्रांतीला जा."

(मागल्या संक्रांतीला तुमची आत्या आलती. त्याच्या मागल्या संक्रांतीला

कंस बंद झालाच नाही.

"संक्रांतीला न्हाई जायचं," अनिता म्हणाली. मोठ्यानं. हातातलं कणीस तिनं अर्धवट तसंच खाली ठेवलं. "आज जायचंय. आत्ता."

"डोकं फिरलं का? मी सोडायला येणार न्हाई. कशानं जाणार?"

"स्कूटीनं."

संपत हसला. स्कूटी ती दिवाळीनंतर शिकली होती, याच रानात, दोनदा पडून. अजून डेअरीच्या पुढं गेली नव्हती.

"डेअरीपर्यंत जाणारी बाई भीमा ओलांडणार व्हय? हायवेला उसाच्या ट्रॉल्या बघितल्यात का?"

"बघते आज."

"लेक घरी आलेली, आन् सून रस्त्यावर," सासूबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"आठ-दहा येतायत ना. त्यांनाच इचारा."

सुलक्षणानं ताटली खाली ठेवली. "वहिनी, माझ्यावर राग काढताय तुम्ही."

"व्हय," अनिता म्हणाली.

स्कूटी हायवेला लागली. भीतीला आत बसायला जागाच नव्हती, एवढा राग. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या डुलत चालल्या होत्या. तिनं हॉर्नवर अंगठा दाबला तो सोडलाच नाही. ट्रॉल्या मागं पडल्या. चौफुल्याला वळली. हेल्मेटच्या आत ती मोठमोठ्यानं बोलत होती, एकही कंस न घालता. चटणी संपली म्हणं. पळा. पोरांना पाणी द्या. द्या. ह्यांची माणसं यायलीत. येऊ द्या. आयतं बसायचं, आयतं खायचं आन् वर म्हणायचं, माहेरी आलं की कसं बरं वाटतं.

हे सगळं कुणापुढं ओकायचं तेही तिनं ठरवलं होतं. आईपुढं नाही. आई म्हणणार, असंच असतं बाई. दादाच्या बायकोपुढं, वहिनीपुढं. वहिनीही कुणाची तरी सून, तिला फोड करून सांगावं लागणार नाही. दोघी चुलीपाशी बसू आणि सुलक्षणाचा पार चोथा करू.

भीमेच्या पुलावर गार वारा अंगात घुसला. अनिता एकटीच हसली. ओलांडली की.

वडगावात घरापुढं रविराजची, तिच्या दादाची, मोटारसायकल सुरूच होती. मागं वहिनी बसलेली. ठेवणीतली साडी, केसांत शेवंती, मांडीवर गच्च भरलेली पिशवी. अनिताला बघून दादाचा चेहरा फुलला. त्यानं गाडी बंद केली.

"अगं, फोन न्हाई, काय न्हाई. एकटी आलीस? स्कूटीवर?"

"तुम्ही कुठं निघालाय?"

"कोरेगावला, हिच्या माहेरी. दिवाळीपासनं मागं लागलीय. म्हटलं, आज सोडून येतो एकदाचं. पण आता ऱ्हाऊ दे ते. तू ये आत."

वहिनी गाडीवरून उतरली नाही. पिशवी तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. तिनं अनिताकडं बघितलं. ओठ हलले, आवाज आला नाही.

तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. लेकीला बघून तिचे डोळे भरले. तिनं अनिताच्या थंडगार गालावरून हात फिरवला आणि मागं न वळताच म्हणाली,

"सूनबाई, उतर गं खाली. साडी बदल आन् चूल पेटव. नणंद आलीय."