उखळाला अटक
आमच्याकडे बाईनं मुखियाविरुद्ध तोंड उघडलं तर दंड होतो. पण मका कांडताना गायलं, तर ते उखळ बोललं असं मानतात. मुखियानं विधवा न्यागोंडवेचा सरोवराकाठचा मळा काढून आपल्या पुतण्याला दिला, तेव्हा तिनं मुसळाच्या ठोक्यावर असं गाणं रचलं, की कोंबड्यासुद्धा तालावर दाणे टिपायला लागल्या. मुखिया भडकला. "उखळ बोललं ना? मग उखळालाच अटक!" गावचं एकुलतं उखळ त्यानं आपल्या अंगणात नेलं. सकाळी आम्ही साऱ्याजणी मका घेऊन तिथं हजर. "इथं कशाला आलात गं?" "कांडायचं कुठं, बाबा? उखळ तुमच्या कैदेत!" दोन दिवस गाणं त्याच्या दारात घुमलं. तिसऱ्या दिवशी त्याचीच बायको मुसळ घेऊन आमच्यात गायला आली. संध्याकाळी मळा परत मिळाला. "उखळही न्या आता," मुखिया म्हणाला. "इथंच राहू द्या, बाबा," न्यागोंडवे म्हणाली, "लागतं कधीकधी."