पुलावरची पाळी

"पुलावर वारा फार आहे, पंडित. आळीपाळीने पुढे राहू, म्हणजे मागच्याला जरा आडोसा मिळेल. ये." मित्राच्या या पत्राला मी उत्तर दिलं नाही. या वयात आपल्याच्याने होणार नाही, असं वाटलं. तो एकटाच गेला आणि वाऱ्याने त्याला सायकलसकट कठड्यावरून खाली फेकलं.

आज मी सायकल काढली. खिशात त्याच्याच पत्त्यावर मी लिहिलेलं कार्ड होतं: 'माफ कर.' पुलाच्या मध्यावर वाऱ्याने मला जागच्या जागी थोपवलं. मग एकाएकी माझ्यापुरता वारा पडला. कठड्याच्या तारा तशाच शिट्ट्या मारत होत्या, पण माझ्या पुढ्यात कोणीतरी आडोसा धरला होता. त्याच्या सैल चेनची खडखड मी ओळखली.

"दमलो रे. आता तू पुढे हो."

मी पुढे झालो. वारा छातीवर आदळला आणि खडखड पाठीमागे आली.

"वळून बघू नकोस, पंडित. पडशील."

पूल संपला तेव्हा मागे कोणी नव्हतं. कार्डावरचं खोडून मी नवं लिहिलं आणि टपालपेटीत टाकलं: 'परतताना पुढे तू.'