भोकं बुजवायची राहिली

हवेच्या बोगद्यातून चाचणी होऊन बाहेर आलेला छोटा विमानपंख पाहून ऋजुताचं डोकंच फिरलं. पॉलिश करताना पंख धरायला पाडलेली भोकं उघडीच! चाचणीआधी ती मेणानं बुजवायची, हा प्रयोगशाळेचा पहिला नियम. वीस वर्षं पंख घडवणारे फिटर सोनवलकरकाका आज नेमके तेच विसरले होते.

"काका, अख्खी सकाळ पाण्यात गेली!"

जीभ चावत काका पंख घेऊन वर्कशॉपकडे पळाले.

दुपारी चडफडत तिनं सकाळच्या चाचणीत टिपलेले हवेच्या प्रवाहाचे फोटो उघडले. आवाजापेक्षा जास्त वेगानं धावणारी हवा पंखावर जिथं अडखळून धक्का देते, तिथं एरवी सुरीसारखी काळी रेघ उमटायची. तो धक्का बोथट करायला ती तीन वर्षं झटत होती. आज रेघ धुरासारखी फिकट होती! मागच्या भोकांतून पोकळ पंखात शिरलेली हवा पुढच्या भोकांतून निघाली आणि धक्क्याचा जोर आपोआप ओसरला होता.

ऋजुता दोन-दोन पायऱ्या उतरत धावली. "काका, भोकांना हात लावू नका!"

काकांनी चकचकीत पंख पुढे केला. "आता निश्चिंत राहा, मॅडम. मेणाची भानगडच नको, कायमचं पितळ भरून घासलंय. अंदाजानंच पाडली होती भोकं; कुठं होती, ते आता मलाही सांगता येणार नाही."