नात्याचा पुरावा

"यात तुझं नाव नाही," रोवेना म्हणाली.

तिने वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचं कात्रण काचेखालच्या फटीतून परत सरकवलं. रसेल हॅगर्टी, वय एकसष्ट. मागे टेनेसीतली दोन मुलं, एक बहीण, तीन नातवंडं. काचेपलीकडे उभ्या असलेल्या डेझरे कोल्टनने ते उचललं नाही. तिला ते पाठ होतं.

जानेवारीचा दुसरा आठवडा, म्हणजे कॉलेजच्या अर्थसहाय्य कार्यालयात अपिलांचा आठवडा. मागच्या सत्रात जे नापास झाले त्यांची मदत थांबते. का नापास झालो ते लिहून द्यायचं, सोबत पुरावा जोडायचा, मग समिती ठरवते. रोवेना प्रुइट बावीस वर्षं या खिडकीत बसून ते कागद घेत होती. आज सकाळपासून तिच्यापुढे एक कर्करोग, दोन घटस्फोट आणि एक जळालेलं घर येऊन गेलं होतं. प्रत्येकाला तिने एकच विचारलं होतं, कागद आहे का?

डेझरे वेल्डिंगच्या दुसऱ्या वर्षाला. चारही विषयांत नापास. रसेलला ती रस म्हणायची. कारणाच्या चौकटीत तिने एवढंच लिहिलं होतं: 'रस आजारी होता. मग वारला.'

"हा तुझा कोण?"

"आईबरोबर राहायचा. मी नऊ वर्षांची असताना आई निघून गेली. तो राहिला."

"दत्तक वगैरे घेतलं होतं तुला?"

"नाही."

"त्याचं आणि आईचं लग्न?"

"नाही."

रोवेनाने पेन खाली ठेवलं. "समितीला नातं दाखवावं लागतं, बाळा. नाहीतर ते म्हणणार, ओळखीचं कुणीतरी गेलं."

"सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी डायलिसिस असायचं," डेझरे म्हणाली. बसच्या वेळा सांगाव्यात तसं ती सांगत होती. "सेंटर चाळीस मैलांवर. त्याला गाडी चालवणं जमत नव्हतं, मीच न्यायचे. तिथे चार तास. माझे वर्ग त्याच वेळेला."

"त्याच्या मुलांपैकी कुणी दोन ओळी लिहून देईल?"

"अंत्यविधीला त्याच्या मुलीने विचारलं मला, तुम्ही शेजारच्या का म्हणून."

"मग?"

"हो म्हटलं."

रोवेनाचा हात सवयीने कागदी रुमालांच्या खोक्याकडे गेला. तिने खोकं फटीपाशी सरकवलं. डेझरेने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा काचेकडे पाहू लागली. तिच्या बुटांवर, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचे पांढरे डाग वाळले होते. मागे बाकावर सात जण नंबरच्या चिठ्ठ्या धरून बसले होते.

"सेंटरचा नंबर आहे तुझ्याकडे?"

होता. रोवेनाने फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

पलीकडच्या बाईने नाव ऐकलं आणि तिचा सूरच बदलला. "डेझरे? अगं, आहेस कुठे? तीनदा फोन केला तुला. त्याचं ब्लँकेट इथेच पडलंय."

"फोन घेत नव्हते मी."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे."

रोवेनाने काय हवंय ते सांगितलं. बाईने पलीकडे कागद चाळले. मग म्हणाली, "पेशंटची फाइल मला देता येत नाही हो. पण काही झालं तर कुणाला कळवायचं, ते पान तिच्याच नावाचं आहे. तिने मागितलं तर देता येईल. मागतेस का गं?"

"मागते," डेझरे म्हणाली.

रोवेनाने खिडकीत 'थोड्या वेळात येते' अशी पाटी लावली. बाकावरचा एक जण पुटपुटला, "झालं, आता जेवायची सुट्टी." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती मागच्या खोलीतल्या फॅक्सपाशी जाऊन उभी राहिली. यंत्र बराच वेळ नुसतं घरघरत होतं. मग एकच पान आलं.

ऑगस्टमधलं होतं. अक्षर थरथरतं, ओळी खाली उतरत गेलेल्या. नाव, फोन, पत्ता. नात्याच्या चौकटीत 'मुलगी'. खाली समासात, जिथे काही लिहायची गरज नव्हती तिथे, आणखी एक ओळ होती: 'सकाळी फोन करू नका. तिचं कॉलेज असतं.'

कुठलं अपील मंजूर होणार, ते रोवेनाला पान पाहूनच कळायचं. हे होणार होतं. ती परत आली, पाटी काढली आणि पान काचेखालून सरकवलं.

डेझरेने ते दोन्ही हातांनी धरून वाचलं. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली.

"वर्ग संध्याकाळचे झालेत, असं सांगितलं होतं मी त्याला," ती म्हणाली. "सप्टेंबरात."

"त्याला पटलं?"

"रोज विचारायचा, आज काय शिकवलं." तिने अंगठा कागदाच्या कडेवरून फिरवला. "मी सांगायचे काहीतरी."

पुढचा नंबर पुकारायची वेळ झाली होती. रोवेनाने पुकारला नाही.

डेझरेने पान पुन्हा वरपासून वाचलं. मग ते काचेला टेकवून धरलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय," ती म्हणाली. "चालेल का?"