गार बॉनेट

आप्पांच्या जुन्या फियाटचं इंजिन बदलायचा हट्ट माझाच. "हलक्या गाडीला हलकंच इंजिन बरं," असं म्हणत एका छोट्या गाडीचं इंजिन मीच निवडलं. ते बसावं म्हणून जुन्या इंजिनाचे आधार कापावे लागले. आप्पांना मी विचारलंही नाही.

नव्या इंजिनावर आम्ही मैंदर्गीला जाऊन आलो. भर उन्हात घरासमोर उतरल्यावर आप्पांनी बॉनेटवर तळवा ठेवला. गाडी किती दमली, हे ते आयुष्यभर असंच बघत आलेले.

"सिद्धेश्वरी, हे गार हाय की गं."

मी हात लावला. माठासारखं गार.

काही बिघडलं असेल म्हणून गाडी तशीच, इंजिन बदलून देणाऱ्या गुरुराज मेस्त्रीच्या गॅरेजात नेली. जुनं इंजिन तिथंच कोपऱ्यात एका टायरवर पडलं होतं. त्यात ना पेट्रोल, ना त्याला एखादी वायर.

आप्पांनी त्यावर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला. तळवा लालभडक झाला होता.

"लई दमलंय," ते म्हणाले. "गुरुराज, परत बसंल का रं हे?"

गुरुराजनं कापलेल्या आधारांकडे बघून नकारार्थी मान हलवली. कोपऱ्यातलं इंजिन, लांबून आल्यासारखं, टिक टिक करत निवत होतं.